बाबांची वही आणि झेन ग्रेचा मासा

मागच्या महिन्यात भांडुपच्या घराचा माळा आवरायला घेतला एकदाचा. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि त्यातलं दीड वर्ष आई "तुझ्या बाबांचं सामान कधी उतरवतोस?" असं विचारत होती. आमचं उत्तर ठरलेलं. "हा रिलीज झाला की नक्की." रिलीज काय, संपतच नाहीत. शेवटी तिनंच स्टूल आणून ठेवलं आणि मला हाक मारली.

तर माळ्यावरून काय काय निघालं? गळाच्या सहा काठ्या, चार रिळं (त्यातलं एक गंजून पार एकजीव झालेलं), पत्र्याच्या डब्यात आकडे, शिसं आणि मोरपिसाच्या दांडीचे तरंगे, दोन कप, एक ढाल, झेन ग्रेच्या अकरा जुन्या कादंबऱ्या आणि हिशेबाची एक लांबट वही.

बाबा गळवाले. म्हणजे पोटासाठी नव्हे, शौकानं. आठवडाभर कंपनीत पाळी करायची आणि रविवारी पहाटे पवई गाठायची. पवईच्या तळ्यावर गळाचा शौक असणाऱ्यांची संस्था १९३० च्या दशकापासून आहे. तिथल्या मंडळींमधल्या स्पर्धांत बाबा दोनदा पहिले आलेले. नातेवाइकांत मात्र त्यांची ओळख एकच, "अकरा किलोवाला". १९८७ साली पावसाळा संपता संपता त्यांनी अकरा किलोचा कटला काढला होता. ती गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकली असेन. मासा दरवेळी तेवढाच असायचा, झुंजीचा वेळ मात्र वाढत जायचा. मी बारावीत असताना तो पावणेदोन तासांवर पोचला होता. :)

वही उघडली. रविवारमागून रविवार लिहिलेले. तारीख, वारा, पाणी कुठवर आहे, आमिषात काय काय कालवलं, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, मासा कुठला, वजन किती, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मी थेट १९८७ चा ऑक्टोबर काढला. कटला. ७ किलो ४००.

पुढची-मागची पानं पाहिली. त्या वर्षी, आधीच्या वर्षी, नंतरच्या वर्षी, अकरा किलो कुठेच नाही. वही मिटली. आई स्वयंपाकघरात होती. तिला काही बोललो नाही.

आता आपण पडलो प्रोग्रामर. डेटा एक सांगतो आणि डॉक्युमेंटेशन भलतंच सांगतं, हा आमच्या रोजच्या धंद्यातला प्रकार. पण इथे बग कुणाच्या नावावर टाकायचा? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे या सगळ्याचं करायचं काय? कप ठेवायचे? काठ्या ठेवायच्या? गोष्ट ठेवायची की वही? बापाचा वारसा जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं? उत्तर काही सुचेना म्हणून त्याच ढिगातल्या झेन ग्रेकडे वळलो, आणि पुढचे चार वीकेंड त्यातच गेले.

झेन ग्रे हे नाव आपल्या वडलांच्या पिढीतल्या वाचणाऱ्यांना पाठ. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पेपरबॅकच्या थप्प्या असायच्या, त्यात हा हमखास. घोडे, पिस्तुलं, ॲरिझोनाचं वाळवंट. १९१२ साली आलेल्या 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज'नं तो अमेरिकेतला अफाट खपाचा लेखक झाला. १८७२ साली ओहायोमधल्या झेन्सव्हिल गावात जन्म, शिक्षणानं दातांचा डॉक्टर, न्यूयॉर्कमध्ये दवाखाना. तो सोडून कादंबऱ्या लिहायला लागला. इथवर मला ऐकून माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की या माणसासाठी कादंबऱ्या हा माशांचा खर्च भागवायचा धंदा होता!

१९२४ साली त्यानं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामध्ये एक मोठं शिडाचं जहाज विकत घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं 'फिशरमन'. त्याच वर्षी, त्याच किनाऱ्यावर, त्यानं ७५८ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ३४४ किलोचा ब्लूफिन ट्यूना गळानं काढला. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. १९२६ मध्ये न्यूझीलंडला जाऊन 'बे ऑफ आयलंड्स'मधल्या एका बेटावर तळ ठोकला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. ते वाचून जगभरातले हौशी गळवाले तिकडे जायला लागले. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या समुद्रात १,०३६ पौंडांचा टायगर शार्क काढला. थोडक्यात, आमच्या पवईच्या भाषेत सांगायचं तर हा सगळ्या कपांचा मालक.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. तुम्ही म्हणाल, कोळी बांधव रोज जाळ्यात टनानं मासा काढतात, त्यात या साहेबांचं काय कौतुक? तर हा खेळ वजनाचा जितका आहे तितकाच नियमांचा आहे. मासा लागल्यापासून हाती येईपर्यंत काठी आणि रीळ एकाच माणसाच्या हातात हवं. मध्ये दुसऱ्यानं हात लावला की बाद. दोरा किती ताणाला तुटतो त्यावर वेगवेगळे गट. वजन कुणाच्या तरी समोर, काट्यावर. हे नियम जगभर एकसारखे करायला १९३९ साली आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात झेन ग्रे गेला.

त्याची सगळ्यात मोठी गोष्ट ताहितीची, १९३० सालची. वर्षानुवर्षं त्याच्या डोक्यात एकच आकडा होता, हजार पौंड. त्या वर्षी त्याला एक प्रचंड मार्लिन लागला. भाल्यासारख्या चोचीचा मासा. तास न् तास झुंजून तो होडीजवळ आणला, आणि शेवटच्या टप्प्यात शार्क आले. त्यांनी शेपटीकडच्या बाजूनं लचके तोडले. उरलेला मासा काट्यावर चढवला तर १,०४० पौंड! लचके तोडूनसुद्धा जवळजवळ ४७२ किलो. काठी आणि रीळ घेऊन माणसानं काढलेला हजार पौंडांवरचा पहिला मासा म्हणून आजही त्याचा उल्लेख होतो. पण उल्लेखच. कारण खेळाचा नियम असा, की दुसऱ्या प्राण्यानं फाडलेला मासा विक्रमात धरायचा नाही. दमलेला, रक्ताळलेला मासा आणि धडधाकट मासा यांच्याशी झुंजणं सारखं नाही, असा त्यामागचा विचार.

म्हणजे बघा, आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा खरा होता, पण मोजायचा नव्हता. आमच्याकडे बरोबर उलटं. मोजलेला मासा वेगळा आणि सांगितलेला वेगळा.

हा गृहस्थ नियमांच्या बाबतीत इतका काटेकोर असेल असं वाटून मला त्याचं कौतुक वाटायला लागलं होतं, तोवर एक प्रकरण वाचलं. कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटावर 'ट्यूना क्लब' नावाची जुनी संस्था आहे, १८९८ सालची. झेन ग्रे तिचा सभासद. १९२० मध्ये त्यानं ४१८ पौंडांचा स्वोर्डफिश काढला आणि तो बराच मिरवला. त्यानंतर थोड्याच काळात क्लबातल्याच एका बाईंनी ४२६ पौंडांचा काढला. बाई अंगानं लहानखुऱ्या. साहेबांना ते सहन होईना. एवढीशी बाई एवढा मासा एकटी काढूच शकत नाही, असं ते उघड बोलले. क्लबानं माफी मागायला लावली, आणि पुढे साहेब क्लबातूनच बाहेर पडले. आठ पौंडांसाठी! च्यायला, इतका मोठा माणूस आणि मन केवढं.

तर अशा बापाचा वारसा पोरांनी कसा सांभाळला?

आधी बायकोचं सांगतो. डॉली ग्रे. नवऱ्याची हस्तलिखितं ती तपासायची, प्रकाशकांशी व्यवहार ती करायची, पैसा ती सांभाळायची, आणि नवरा वर्षातले कित्येक महिने समुद्रावर. त्या सफरींवर त्याच्याबरोबर सेक्रेटरी म्हणून तरुण बायका असायच्या, आणि ते नुसतं टायपिंगचं नातं नव्हतं. डॉलीला ते माहीत होतं. तिची आणि त्याची पत्रं उरली, त्याची खाजगी टिपणं उरली, आणि २००५ साली थॉमस पॉली या अभ्यासकानं अशा कागदांवरून सविस्तर चरित्र लिहिलं. म्हणजे वारशात फक्त ट्यूना नसतो. कागद ठेवले की सगळंच राहतं.

थोरला मुलगा रोमर वडलांच्या सफरींवर गेला आणि विशीच्या आसपासच त्यावर स्वतः पुस्तकं लिहून मोकळा झाला. धाकटा लॉरेन मानसशास्त्राचा प्राध्यापक. थोरल्यामागून घरच्या कंपनीचं काम त्याच्याकडे आलं. वडलांची पुस्तकं पुन्हा छापून आणणं, त्यांना प्रस्तावना लिहिणं, माशांवरचं लेखन वेगळं काढणं, हे तो म्हातारपणापर्यंत करत राहिला. १९८५ मध्ये त्यानं वडलांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. २००७ साली तो गेला. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला स्वतःच्या बापाचे फोटो लावताना काय वाटत असेल, याचा मी एका रात्री बराच वेळ विचार केला.

वस्तूंचं काय झालं? पेनसिल्व्हेनियातलं लॅकावॅक्सनचं नदीकाठचं घर १९८९ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेलं, आता ते संग्रहालय आहे. ॲरिझोनात पेसनजवळ त्याचं शिकारीला जाऊन राहण्याचं लाकडी घर होतं. तेही लोकांनी डागडुजी करून जपलं होतं. १९९० च्या जूनमध्ये जंगलात वणवा पेटला आणि ते जळून खाक झालं. पुढे गावात त्याची प्रतिकृती बांधली. एका वाक्यात सांगायचं तर एकच कॉपी होती, तीही प्रॉडक्शनवर, आणि बॅकअप नव्हता. मासे तर कधीच गेले. उरलं काय? लिहिलेलं. कुठल्या समुद्रात, कुठल्या महिन्यात, किती दोरा सुटला, किती वेळ लागला.

पण एक शंका मला छळत होती. झेन ग्रे जगप्रसिद्ध लेखक. त्याचं लिहिलेलं लोक ठेवणारच. भांडुपच्या एका पाळी करणाऱ्या माणसानं लिहिलेलं कुणाच्या काय कामाचं? याचं उत्तर दोन ठिकाणी सापडलं, आणि दोन्ही ठिकाणी कुणी प्रसिद्ध माणूस नाही.

पहिलं फ्लोरिडातलं, की वेस्ट. तिथे पर्यटकांना होडीतून मासेमारीला नेतात, आणि परतल्यावर धक्क्यावर दिवसाचे मासे फळीवर टांगून फोटो काढतात. कुणाचे तरी बाबा, कुणाचे तरी काका, उन्हात डोळे बारीक करून उभे. हे फोटो गावच्या लायब्ररीत साठले. लॉरेन मॅक्क्लेनाकन नावाच्या संशोधक बाईंनी (योगायोग बघा, हिचंही नाव लॉरेनच) १९५६ पासूनचे ते फोटो घेतले, फळीच्या मापावरून मासे मोजले, आणि २००७ मध्ये धक्क्यावर जाऊन नवे मोजले. टांगलेल्या माशाचं सरासरी वजन १९.९ किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. सुरुवातीच्या फोटोंत माणसापेक्षा मोठे गोलायथ ग्रुपर आहेत, शेवटच्यांत वीतभर स्नॅपर. माणसं मात्र सगळ्या फोटोंत सारखीच खुशीत. कारण ज्यानं त्यानं आपल्या काळातला मोठा मासा धरला होता. बापाचा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय पोराला कळतच नाही की काय गेलं.

दुसरं उदाहरण आपल्या घराजवळचं. महसीर. आपल्याकडे याला खडस म्हणतात. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. १८३९ साली कर्नल सायक्सनं त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. हो, आपल्याच मुळा-मुठेत! आज त्या पुलावरून जाताना आपण काचा वर करतो.

दक्षिणेत कावेरीच्या खोऱ्यात याचा थोरला भाऊ राहतो, पाठीवर वशिंड असलेला महसीर. १९४६ साली व्हॅन इन्जेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा काढला होता. म्हैसूरचं पेंढा भरून वाघ टिकवणारं घराणं ते हेच. पुढे मासे कमी व्हायला लागले. तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणापाशी महसीरची पैदास सुरू झाली. काम मोलाचं होतं. तिथली पिल्लं देशभर गेली, तशी कावेरीतही सोडली. पण ती होती खुद्रीची, वशिंडवाल्याची नव्हे. हेतू चांगला होता, व्हर्जन चुकीचं होतं.

हे उघड कसं झालं? गळवाल्यांच्या वह्यांमुळे! गलिबोरच्या तळावर मासा धरायचा, मोजायचा आणि परत सोडायचा अशी पद्धत होती. १९९८ ते २०१२ पर्यंत कोण किती तास बसला आणि काय मिळालं, हे लिहून ठेवलेलं होतं. पिंडर, राघवन आणि ब्रिटन यांनी २०१५ मध्ये ते आकडे मांडले तेव्हा दिसलं, की खुद्री वाढत चाललाय आणि वशिंडवाला संपत चाललाय. आणि गंमत अशी (गंमत कसली, अंगावर काटा येतो), की सापडणारे थोडे वशिंडवाले सरासरीनं मोठे मोठे होत होते. गळवाल्यांना आनंद. खरं तर त्याचा अर्थ असा, की लहान मासे येतच नव्हते. फक्त म्हातारे उरले होते. २०१८ मध्ये जाऊन या माशाला नक्की शास्त्रीय नाव मिळालं, 'टॉर रेमादेवी', आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी, धरणं, कारणं पुष्कळ आहेत. पण नुसत्या मोठ्या माशांचे फोटो ठेवले असते, तर सगळं उत्तम चाललंय असंच वाटलं असतं.

हे वाचलं आणि मी बाबांची वही परत उघडली. यावेळी अकरा किलो शोधायला नाही. १९७९ ते २००४, पाचशेच्या वर नोंदी. आणि जे पहिल्यांदा मी भराभर उलटून गेलो होतो ते आता दिसलं. निम्म्याहून जास्त रविवारी वजनाच्या रकान्यात लिहिलंय, "काही नाही." पहाटे पाचला बसले, अकराला उठले, काही नाही. परत पुढच्या रविवारी, काही नाही. या माणसानं आपले रिकामे दिवससुद्धा तितक्याच सुबक अक्षरात लिहिले होते. किती तास बसून काही मिळालं नाही हे माहीत असल्याशिवाय मिळालेल्या माशाला अर्थ नाही, हे कावेरीवाल्या शास्त्रज्ञांचं गणित. बाबा अकरावी पास. शेऱ्याच्या रकान्यात पुढे पुढे "जलपर्णी" हा शब्द वाढत जातो. एका ठिकाणी फक्त "पाण्याला वास."

मग एका रविवारी जेवताना आईला विचारलं. "आई, तो अकरा किलोचा मासा..."

"साडेसातचासुद्धा नव्हता," ती म्हणाली. "मला काय विचारतोस? काटा मीच धरला होता."

मी बघतच राहिलो. म्हटलं, मग अकरा आले कुठून?

"तुझ्या आजोबांमुळे. त्यांना कधी पटलं नाही हे. बायकापोरं घरी टाकून रविवारचा पाण्यात काठी घालून बसतो म्हणायचे. त्या संध्याकाळी ते दारात उभे. हे घामाघूम, मासा खांद्यावर. आजोबांनी विचारलं, किती भरला? यांच्या तोंडून निघालं, अकरा. आजोबा 'बरं' म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. आता ते परत कसं घेणार?" आणि मग वाढता वाढता म्हणाली, "रात्री मात्र वहीत खरं लिहिलं. मी बघितलं होतं."

असो.

तर सामानाचं काय केलं ते सांगतो. कप आणि ढाल आईच्या शोकेसमध्ये. पाच काठ्या तळ्यावर येणाऱ्या पोरांना दिल्या, एक ठेवली. वहीचं पान न् पान स्कॅन केलं, तीन ठिकाणी ठेवलं (वणव्याची आठवण ठेवून), आणि आता रोज रात्री पाच-पाच नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरतोय. "काही नाही"चे रविवार गाळलेले नाहीत. १९८७ च्या ऑक्टोबरपाशी मात्र थोडा वेळ अडलो. मग वजनाच्या रकान्यात ७.४ लिहिलं. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "आजोबांना सांगितलेलं वजन ११."

तुमच्या घरच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल. मासे नसतील, पाऊस असेल, दूध असेल, क्रिकेटचे स्कोअर असतील. उतरवा एकदा. आणि उघडण्याआधी, आई जागेवर असेल तर तिला शेजारी बसवा. काटा कुणी धरला होता ते वहीत लिहिलेलं नसतं.